बिंदू नसलेल्या विश्वाची गृहीतके

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत पदार्थविज्ञानाच्या गृहीतकांचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांनी भारतीय ग्रंथालयांना शास्त्राचे अधिष्ठान मिळवून दिले, ते डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असता १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथांची देवघेव, मांडणी, सूची, वाचकांची सोय यांबाबतच्या असंख्य नियमांच्या मुळाशी मोजकी सूत्रे असली पाहिजेत, ही त्यांच्यातील गणितज्ञाची धारणा होती. १९३१ साली त्यांनी अशी पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथांचे प्रयोजन त्यांच्या वापरात आहे, एवढे एकदा मान्य केले की कपाटांना कुलपे असावीत की नसावीत, हा वाद पुन्हा घालावा लागत नाही. प्रारंभी मोजकी विधाने मान्य करावयाची आणि बाकी सर्व त्यांतून तर्काने काढावयाचे, या पद्धतीला गणितात गृहीतक पद्धती म्हणतात. आजचा विषय त्याच पद्धतीचा आहे. मात्र येथे ग्रंथालयाच्या जागी सारे विश्व आहे, आणि मूळ गृहीतकांपैकी एक धोक्यात आले आहे.

गृहीतकाचे खरे मोल ते काढून पाहिल्यावर कळते. यूक्लिडने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास भूमितीची जी पाच गृहीतके सांगितली, त्यांतील पाचवे समांतर रेषांविषयीचे होते. ते इतर चारांतून सिद्ध करण्याची खटपट सुमारे दोन हजार वर्षे चालली. अखेर रशियातील लोबाचेव्हस्की यांनी १८२९ साली आणि हंगेरीतील बोल्याई यांनी १८३२ साली ते नाकारून काय होते ते प्रसिद्ध केले. भूमिती कोसळेल अशी अपेक्षा होती. उभी राहिली ती एक नवीच, तितकीच सुसंगत भूमिती. पुढे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला अशाच वक्र भूमितीचा आधार मिळाला. हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवूनच हिल्बर्ट यांनी १९०० साली पॅरिसच्या गणित परिषदेत भावी शतकासाठी जे प्रश्न मांडले, त्यांतील सहावा असा होता : भूमितीप्रमाणे भौतिकशास्त्रालाही गृहीतकांच्या पायावर उभे करता येईल काय?

तो प्रश्न विचारला गेला आणि पंचवीस वर्षांतच भौतिकशास्त्राचा पाया हलला. तीन गुणिले पाच काय नि पाच गुणिले तीन काय, उत्तर एकच येते. अशा राशींना क्रमनिरपेक्ष म्हणतात. परंतु व्यवहारातील पुष्कळ कृती क्रमसापेक्ष असतात. टेबलावर एक पुस्तक मुखपृष्ठ वर करून, बांधणीची कड डावीकडे ठेवून समोर ठेवावे. प्रथम त्याची पलीकडची कड उचलून ते उभे करावे आणि मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा द्यावा. पुस्तक सरळ उभे राहते आणि मुखपृष्ठ डावीकडे तोंड करते. आता मूळ स्थितीपासून क्रम उलटा करावा. आधी टेबलावरच पाव फेरा द्यावा आणि मग पलीकडची कड उचलावी. या वेळी बांधणीची कड वर येते आणि मुखपृष्ठ वाचकाकडे वळते. कृती त्याच दोन, फळ निराळे. १९२५ साली हायझेनबर्ग यांच्या ध्यानात आले की अणूंच्या जगात कणाचे स्थान आणि त्याचा संवेग या राशीही अशाच क्रमसापेक्ष आहेत. माक्स बोर्न आणि पास्कुआल योर्डान यांनी त्याच वर्षी या क्रमभेदाचे नेमके सूत्र दिले. बोर्न यांच्या गटिंगेन येथील समाधीवर ते सूत्र कोरलेले आहे.

या क्रांतीतही एक गोष्ट अबाधित राहिली. स्थान आणि संवेग एकमेकांशी क्रमसापेक्ष असले, तरी लांबी, रुंदी, उंची आणि काळ हे चार निर्देशक आपापसांत क्रमनिरपेक्षच मानले गेले. घटना कोठे आणि केव्हा घडली, हे हवे तितके अचूक सांगता येते. अवकाश-काल हा बिंदूंचा बनलेला आहे, ही यूक्लिडपासूनची समजूत तशीच पुढे चालत आली.

या बिंदूंनीच पुढे घात केला. विद्युत् क्षेत्राला पुंज सिद्धांत लावताना दोन क्षेत्रांची आंतरक्रिया एकाच बिंदूपाशी होते असे धरावे लागते. तसे धरले की उत्तरे अनंत येतात. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी १९४० नंतरच्या दशकात ही अनंते पद्धतशीरपणे वेगळी काढण्याची रीत बसवली आणि त्यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रीतीचे यश थक्क करणारे आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलाचे गणिताने काढलेले आणि प्रयोगाने मोजलेले मूल्य सुमारे एक लाख कोटीत एका भागापर्यंत जुळते. तरीही मनाला रुखरुख लावणारी एक गोष्ट उरतेच. फ्रीमन डायसन यांनी १९५२ साली दाखवून दिले की या गणितातील श्रेणीची पदे बेरजेत घेत गेले, तर ती बेरीज कोणत्याही निश्चित संख्येकडे जाईल असे मानता येत नाही. म्हणजे आरंभीची पदे सत्याच्या अगदी जवळ नेतात, परंतु ज्या सिद्धांताची ती पदे आहेत तो सिद्धांत गणिताच्या दृष्टीने अस्तित्वात आहे की नाही, हेच ठाऊक नाही.

या टप्प्यावर गृहीतकांची गरज तीव्रतेने भासली. प्रिन्स्टनचे आर्थर वाइटमन यांनी १९५० नंतरच्या दशकात पुंज क्षेत्र सिद्धांत म्हणवून घेण्यासाठी किमान काय हवे, याची यादी केली. सोप्या भाषेत ती अशी. एक, निरनिराळ्या शक्यता कधी ऋण नसाव्यात आणि त्यांची बेरीज नेहमी पूर्ण एक यावी. दोन, सापेक्षता सिद्धांताप्रमाणे एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना नियम सारखेच दिसावेत. तीन, ऊर्जेला तळ असावा आणि त्या तळाशी एकच निर्वात अवस्था असावी. चार, क्षेत्राचे मापन एका बिंदूपाशी न करता लहानशा प्रदेशावर पसरून करावे. बोर आणि रोझेनफेल्ड यांनी १९३३ सालीच याची आवश्यकता दाखवली होती. आणि पाच, ज्या दोन प्रदेशांमध्ये प्रकाशही निरोप पोचवू शकत नाही, तेथील मापने परस्परांशी क्रमनिरपेक्ष असावीत. आधी हे मोजले काय किंवा ते मोजले काय, फरक पडू नये. रूडॉल्फ हाग आणि डॅनिएल कास्टलर यांनी १९६४ साली हाच आशय प्रदेशांच्या आणि त्यांतील निरीक्षणांच्या बीजगणिताच्या भाषेत मांडला.

हे पाचवे गृहीतक म्हणजे कार्यकारणभावाचे गणिती रूप होय. प्रकाशापेक्षा वेगाने कोणताही परिणाम पोचत नाही, हा निसर्गाचा दंडक येथे क्रमनिरपेक्षतेच्या शब्दांत सांगितला आहे. त्याची फळेही मोठी आहेत. विद्युत् भारांची अदलाबदल, आरशातील प्रतिबिंब आणि काळाची उलट दिशा या तीन गोष्टी एकदम केल्या तर भौतिकशास्त्राचे नियम बदलत नाहीत, ही प्रमेयरूप हमी रेस योस्ट यांनी १९५७ साली या गृहीतकांतूनच काढली. अर्ध-पूर्णांकी परिवलनाचे दोन एकजात कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हेही त्यांतूनच निष्पन्न होते. इलेक्ट्रॉन अणूत थर करून राहतात, मूलद्रव्यांचे गुणधर्म निरनिराळे असतात आणि टेबलावर ठेवलेले पुस्तक टेबलातून खाली घसरत नाही, याचे मूळ या नियमात आहे. म्हणून पाचव्या गृहीतकाला हात लावणे म्हणजे साऱ्या इमारतीच्या आधारखांबाला हात लावणे होय.

असे असूनही हात लावण्याची पाळी आली, आणि ती गुरुत्वाकर्षणामुळे. त्याची पूर्वपीठिका मात्र जुनी आहे. अनंतांवर उतारा म्हणून निर्देशकच क्रमसापेक्ष धरावेत, ही कल्पना हायझेनबर्ग यांनी १९३० साली पायर्ल्स यांना पत्राने कळवली. पायर्ल्सकडून ती पाउली यांच्याकडे, त्यांच्याकडून ओपेनहायमर यांच्याकडे गेली आणि अखेर त्यांचे विद्यार्थी हार्टलँड स्नायडर यांनी १९४७ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. परंतु त्याच सुमारास अनंते वेगळी काढण्याची रीत यशस्वी झाली आणि स्नायडर यांचा निबंध बाजूला पडला. १९९५ साली दोप्लिकर, फ्रेडेनहागेन आणि रॉबर्ट्स या तिघांनी तो विषय नव्या कारणाने पुन्हा हाती घेतला.

त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. घटनेचे स्थान जितके बारकाईने पाहावयाचे, तितकी अधिक ऊर्जा त्या लहान जागेत एकवटावी लागते. हे पुंज सिद्धांताचे सांगणे. ऊर्जा एका मर्यादेपलीकडे एकवटली तर तेथे कृष्णविवर निर्माण होते आणि आतील कोणतीही खबर बाहेर येत नाही. हे आइन्स्टाइनच्या सिद्धांताचे सांगणे. तेव्हा दोन्ही एकत्र मानले तर बिंदू नेमकेपणाने दाखवणे तत्त्वतःच अशक्य ठरते. ही सीमा प्लांक लांबीच्या आसपास येते. मीटरच्या अपूर्णांकात दशांश चिन्हानंतर चौतीस शून्ये आणि मग सोळा लिहिले म्हणजे ती लांबी होते. प्रोटॉनचा व्यास तिच्या सुमारे शंभर अब्ज अब्ज पट आहे. एखादा निर्देशक एकट्याने हवा तितका अचूक असू शकतो, परंतु त्याची किंमत इतर निर्देशकांच्या संदिग्धतेने चुकवावी लागते. अशी देवाणघेवाण क्रमसापेक्ष राशींमध्येच आढळते. म्हणून अवकाश-कालाचे निर्देशकच क्रमसापेक्ष मानावेत, असा निष्कर्ष या तिघांनी काढला.

बिंदू नाहीत तर भूमिती कशाची, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर गणितात आधीच तयार होते. १९४३ साली गेलफांड आणि नायमार्क यांनी दाखवले होते की एखाद्या अवकाशावरील फलनांचे क्रमनिरपेक्ष बीजगणित हाती असेल, तर त्यावरून तो अवकाश बिंदूंसह पुन्हा उभा करता येतो. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर संपूर्ण सूची हाती असेल तर कपाटांची मांडणी तिच्यावरून काढता येते. फ्रान्सच्या आलँ कॉन यांनी पुढचा प्रश्न विचारला : सूचीच क्रमसापेक्ष असेल तर? तेव्हा जागेचा बिंदू शोधू नये. बीजगणितालाच अवकाश समजून त्यावर भूमिती करावी. या विचारातून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत क्रमसापेक्ष भूमिती ही शाखा बहरली.

आता मूळ अडचण उघड होते. पाचवे गृहीतक म्हणते, दूरच्या प्रदेशांतील मापने क्रमनिरपेक्ष असावीत. परंतु ‘दूरचा प्रदेश’ या शब्दाला अर्थ राहण्यासाठी प्रदेशाच्या कडा स्पष्ट हव्यात, आणि नव्या अवकाश-कालात कडा पुसट झालेल्या आहेत. एका ठिकाणची क्रमसापेक्षता मान्य केली आणि दुसऱ्या ठिकाणची क्रमनिरपेक्षता अर्थहीन झाली. हा पेच पुढील तीन दशकांच्या संशोधनाचा गाभा आहे.

पडझड एका जागी थांबली नाही. निर्देशकांमधील क्रमभेद ठरावीक संख्येइतका धरला तर अवकाशात एक दिशा विशेष ठरते आणि दुसऱ्या गृहीतकातील निरीक्षकांची समता भंग पावते. दोप्लिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रमभेदाची सर्व शक्य रूपे एकत्र घेऊन ही समता राखली. मात्र ती मुक्त क्षेत्रांपुरतीच टिकली, आंतरक्रिया आणताच डळमळली. पहिल्या गृहीतकावरही संकट आले. काळ स्वतः क्रमसापेक्ष असेल तर शक्यतांची बेरीज पूर्ण एक येत नाही, असे गोमिस आणि मेहेन यांनी २००० साली दाखवले. दोन वर्षांनी बान्स, दोप्लिकर, फ्रेडेनहागेन आणि पियाचितेल्ली यांनी उत्तर दिले की दोष क्रमसापेक्षतेचा नसून वापरलेल्या रीतीचा आहे. ऊर्जेपासून आरंभ करणाऱ्या दुसऱ्या रीतीने बेरीज बरोबर येते. या वादातून एक मोलाची गोष्ट हाती लागली. साध्या अवकाश-कालात या सर्व रीती एकच उत्तर देतात, ते गृहीतकांतून निघालेल्या प्रमेयांच्या बळावर. आधारखांब काढला की आजवर सख्ख्या भावंडांसारख्या नांदणाऱ्या रीती वेगळ्या वाटांनी जातात. गृहीतके इतकी वर्षे गुपचूप कोणते काम करीत होती, ते त्यांच्या अनुपस्थितीत कळले.

अनंते नाहीशी होतील ही जुनी आशाही फळली नाही. थोमास फिल्क यांनी १९९६ साली दाखवले की अनंतांचा एक वर्ग जसाच्या तसा शिल्लक राहतो. १९९९ साली मिनवाला, व्हान राम्सडाँक आणि सायबर्ग यांनी याहून चमत्कारिक गोष्ट उघड केली. त्यांच्यातील शिराझ मिनवाला पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. एका दिशेने अतिसूक्ष्म जावे तर दुसऱ्या दिशेने पसरावे लागते, हे वर आलेच आहे. त्यामुळे अत्यल्प अंतरावरील घडामोडींचा पडसाद अतिदीर्घ अंतरावर उमटतो. भौतिकशास्त्राचा सारा व्यवहार सूक्ष्म आणि स्थूल यांना वेगळे ठेवता येते या विश्वासावर चालतो. अणूची घडण न जाणताही पूल बांधता येतो. तो विश्वासच येथे डळमळला.

यानंतर डागडुजीचा काळ येतो. आल्वारेथ-गाउमे आणि व्हास्केस-मोसो यांनी २००३ साली वाइटमन यांची यादी पुढे घेऊन एकेक गृहीतक तपासले. केवळ दोन अवकाश-दिशा परस्परांशी क्रमसापेक्ष असतील तर प्रकाशाच्या शंकूची जागा पाचरीसारख्या आकृतीने घ्यावी, असे त्यांनी सुचवले. म्हणजे कार्यकारणभाव उरलेल्या एका दिशेपुरता शाबूत ठेवावा. आश्चर्य असे की एवढ्या दुबळ्या गृहीतकातूनही भार, प्रतिबिंब आणि काल यांचे प्रमेय निघते. हाराल्ड ग्रोसे आणि गांडाल्फ लेखनर यांनी २००७ साली याच पाचरीला नवा अर्थ दिला. क्रमभेदाचे प्रत्येक रूप त्यांनी अवकाश-कालातील एकेका पाचरीशी जोडले. एका पाचरीतील क्षेत्र समोरच्या पाचरीतील क्षेत्राशी क्रमनिरपेक्ष राहते, निरीक्षकांची समताही टिकते आणि दोन कणांच्या टकरीत खराखुरा परिणाम दिसतो. पाचर ही अमर्याद पसरलेली असते. लहान, बंदिस्त प्रदेशातील मापनांविषयीचे जुने कठोर वचन मात्र तिला देता येत नाही. पाचवे गृहीतक पूर्ण गेले नाही. त्याचा व्याप कमी झाला.

दुसरी वाट ग्रोसे आणि राइमार वुल्केनहार यांची. त्यांनी क्षेत्राच्या समीकरणात दोलकासारखे एक पद मिळवून सूक्ष्म-स्थूलाचा घोटाळा आटोक्यात आणला आणि २००५ पर्यंत तो सिद्धांत सर्व पायऱ्यांवर सुसंगत असल्याचे सिद्ध केले. लगेच पुढील वर्षी पॅरिसकडील संशोधकांनी दाखवले की या सिद्धांतात आंतरक्रियेचे बळ अंतर घटले तरी बेसुमार वाढत नाही. याचे महत्त्व तुलनेने कळते. साध्या चार मितींतील याच जातीचा सिद्धांत आंतरक्रियाशून्य होऊन बसतो, हे आयझेनमन आणि द्युमिनिल-कोपँ यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेत दाखवले आहे. जे साध्या अवकाशात मृतवत आहे, ते क्रमसापेक्ष अवकाशात सजीव राहते. अर्थात त्याची किंमत आहे. त्या पदामुळे अवकाशातील सर्व ठिकाणे सारखी उरत नाहीत, आणि सारे गणित काळाला अवकाशासारखे धरून केलेले आहे. तेथून खऱ्या काळाकडे परतण्याची जी वाट ऑस्टरवाल्डर आणि श्राडर यांनी १९७३ साली साध्या अवकाशासाठी बांधली होती, ती येथे तशीच उपलब्ध नाही.

प्रयोगांचा कौल काय, असाही प्रश्न येतो. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने सुमारे सात अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या एका गॅमा-किरण स्फोटाची नोंद केली. त्यातील अति ऊर्जावान प्रकाशकण इतरांच्या मागोमाग एका सेकंदाच्या आतबाहेर पोचला. अवकाश-कालाच्या पुसटपणामुळे प्रकाशाचा वेग ऊर्जेच्या सरळ प्रमाणात बदलतो, असे मानणाऱ्या कल्पनांना या निरीक्षणाने जबर चाप बसला. वेगात असा बदल न सुचवणारे पर्याय मात्र त्याच्या कचाट्यात सापडत नाहीत.

तेव्हा आज हिशेब असा आहे. बिंदू असलेल्या चार मितींतसुद्धा वाइटमन यांची सर्व गृहीतके पाळणारा, खरी आंतरक्रिया असलेला एकही सिद्धांत अद्याप उभा झालेला नाही. क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे पारितोषिक लावलेल्या प्रश्नांपैकी एक याच स्वरूपाचा आहे आणि तो अनुत्तरित आहे. बिंदू नसलेल्या विश्वात तर गृहीतकांची यादीसुद्धा सर्वमान्य झालेली नाही. शक्यतांची बेरीज आणि ऊर्जेचा तळ या दोन अटी कोणी सोडत नाही. निरीक्षकांची समता बहुतेकांना हवी आहे. कार्यकारणभाव मात्र किती राखावयाचा आणि कोणत्या शब्दांत, यावर मतभेद आहेत. यातील प्रत्येक मतामागे एक प्रमेय उभे आहे, ही या वादाची शोभा होय.

रंगनाथन यांचे पाचवे सूत्र ग्रंथालयाला वाढत्या देहाची उपमा देते. वाढणाऱ्या देहाला जुने वस्त्र अपुरे पडते. नवे शिवताना मात्र जुन्याचेच माप हाती घ्यावे लागते. वाइटमन यांची यादी आज त्या मापाचे काम करते. तिच्यातील कोणते कलम सैल करावे, हे ठरवणारा प्रत्येक संशोधक आधी ती यादी समोर मांडतो, आणि आपण काय सोडले व त्याच्या बदल्यात काय मिळाले, याचा जमाखर्च लिहून देतो. शंभर वर्षे जमाखर्च चोख ठेवणाऱ्या संस्थेच्या सभासदांना या रीतीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.